एकशे साठ चौरस फूट आणि चोवीस तास

गेल्या पावसाळ्यात माझी भाची नव्या घराचा नकाशा घेऊन आली. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. भाची वास्तुरचनेचे शिक्षण घेते, त्यामुळे आतली मांडणी आपणच करायची असा तिचा हट्ट. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि उरलेल्या लहान खोलीवर तिने लिहिले होते, 'मल्टिपर्पज'. भिंतीत उभा मिटणारा पलंग, खाली पाडायचे टेबल, सरकते दार. दिवसा अभ्यासिका, पाहुणे आले की शयनघर, गणपतीत मखराची जागा. आईने चष्मा पुसून नकाशा जवळ धरला आणि विचारले, "आणि रात्रपाळीवाला कुठे झोपायचा?"

भाची हसली. "आजी, आता आपल्याकडे रात्रपाळीला कोण जातंय?"

आई काही बोलली नाही. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकले. मुंबईतल्या कामगारांच्या घरांवर मी काही वर्षे वाचते आहे, टिपणे काढते आहे, जुन्या रहिवाशांशी बोलते आहे. त्या सगळ्या टिपणांत खोलीची लांबी-रुंदी आहे, भाडे आहे, माणशी जागा आहे. आईचा प्रश्न त्यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. ती जागेबद्दल विचारतच नव्हती. कोण किती वाजता कुठे असेल, हे विचारत होती.

ज्या माणसांनी गिरणगाव वसवले त्यांच्या गावाकडच्या घरांत जागेला नावे होती. रत्नागिरीकडच्या साध्या कौलारू घरातही पडवी, ओटी, माजघर, परसदार वेगळे ओळखता येई. ओटीवर पुरुष बसत, आल्यागेल्याशी बोलणे तिथेच होई. माजघर मात्र कोणा एका कामाचे नव्हते. तिथे धान्य निवडले जाई, जेवणावळ बसे, बाळंतीण झोपे, पावसाळ्यात वाळवण पसरे आणि रात्री बायकामुलांची अंथरुणे पडत. आमची आजी मुंबईतल्या खोलीलाही कधीकधी चुकून 'माजघर' म्हणे. आम्ही मुले हसायचो. तिचे काही चुकत नव्हते, असे आता वाटते. फक्त या माजघराला पुढे ओटी नव्हती आणि मागे परसू नव्हते.

हे ओटी-परसू कापलेले माजघर आले कुठून? १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीची वस्ती हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले आणि थोड्या चाळीही बांधल्या. पाडलेले जास्त, बांधलेले कमी, असा त्याचा लौकिक. पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई इतकी वाढली, की गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खातेच निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या, अशी घोषणा. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात चाळी झाल्या २०७. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मधून अंधारा पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे चाळीमागे ऐंशी. एकूण हिशेब सोळा-साडेसोळा हजारांचा. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

या आकड्यात एका कुटुंबाचे सगळे आयुष्य मावेल, असे कुणी तरी कागदावर ठरवले. खोलीत एक मोरी दिली, शौचालय मजल्यावर सामायिक ठेवले. बाकी मांडणीचा विचार रहिवाशावर सोडला. गंमत अशी, की सुरुवातीला रहिवासीच येईनात. वरळी गिरण्यांपासून लांब, भाडे परवडेना. पुष्कळ चाळी रिकाम्या राहिल्या. १९३०च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारने वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कोठडीसाठी खोलीत फारसा बदल करावा लागला नसणार.

खोलीत एक कुटुंब राहते हे गृहीतकही फार काळ खरे नव्हते. गिरणीत आलेला माणूस आधी एकटा येई. गावातले वीस-तीस जण मिळून एक खोली भाड्याने घेत. अशी गावमंडळाच्या मालकीची खोली आजही लालबाग-परळला सापडते. भिंतीला ओळीने ट्रंका, वर दांडीवर कपडे, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. खोलीत इतकी माणसे एका वेळी झोपूच शकत नसत. झोपायची गरजही नव्हती, कारण एक तृतीयांश गिरणीत असत. गिरण्यांत विजेचे दिवे आले, तिसरी पाळी रुळली आणि भोंग्याने शहराचा दिवस तीन तुकड्यांत कापला. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. पहिला उठून गेला की त्याच्या जागी तिसरा आडवा होई.

गोव्याच्या माणसांनी हीच गोष्ट अधिक नेटकेपणाने केली. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास त्यांच्या कुडी आहेत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एका गावाची एक कूड. जहाजावर नोकरी करणारा तारवटी पुढचे जहाज मिळेपर्यंत तिथे उतरे. भिंतीकडेने पेट्या, एका टोकाला वेदी. दिवसभर वसतिगृह असलेली ती खोली संध्याकाळी तेर्साच्या प्रार्थनेपुरती चॅपेल होई, आणि प्रार्थना संपली की पुन्हा वसतिगृह. त्यासाठी काही हलवावे लागत नसे. माणसे वेदीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसत, एवढेच.

खोली वेळेने वाटून घेण्याचे सगळ्यांत हृद्य उदाहरण मात्र एका मुलाच्या अभ्यासाचे आहे. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीत त्यांच्याकडे एकच खोली होती. भांडीकुंडी, धूर, डोक्यावर सरपणाचा माळा. धनंजय कीर यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात या खोलीचे वर्णन केले आहे. भीमराव झोपे त्याच्या उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी. दोघांना एका वेळी झोपण्याइतकी जागा नाही. म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोनला ते मुलाला उठवत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागी अंग टाकत. मुलगा मिणमिणत्या दिव्याशी पहाटेपर्यंत वाची. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे परळच्याच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांकडे दोन खोल्या होत्या, आणि तिसाव्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. पहाटे दोनच्या उसन्या जागेपासून ग्रंथांसाठी बांधलेल्या घरापर्यंतचा हा प्रवास मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा माझे लक्ष भीमरावाइतकेच रामजींकडे जाते. दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाची झोप ही त्या अभ्यासिकेची किंमत होती.

आता आमची खोली. नकाशाच्या निमित्ताने मी आईला चार दुपारी बसवून १९८० सालचा एक दिवस लिहून काढला. घरात आठ माणसे. आजी, आईबाबा, आम्ही तीन भावंडे, काका, आणि गावचा एक पाहुणा जो 'नोकरी लागेपर्यंत' म्हणून आला आणि सात वर्षे राहिला. बाबा पहिल्या पाळीला, पाहुणा दुसऱ्या, काका तिसऱ्या.

पहाटे चारला मोरीत पाणी येई. आई उठे, पिंप भरे, आणि पुरुष उठायच्या आत बायकांच्या आंघोळी उरकत. साडेसहाला बाबा डबा घेऊन निघत. साडेसातला काका येत, चहा-भाकरी खाऊन साडेआठला खाटेवर पडत. खाटेपुढे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. साडेआठ ते दीड हे खोलीतले सर्वांत अवघड तास. पंपाचा स्टोव्ह घुरघुरतो म्हणून त्या वेळी वातीचा स्टोव्ह पेटायचा, त्यावर भात शिजायला दुप्पट वेळ लागे. वाटण पाट्यावर वाटायचे नाही. समोरच्या खोलीत जाऊन वाटायचे. धाकट्या भावाला पॅसेजमध्ये बसवायचे. आजीने जप मनात करायचा. पाहुणा सकाळी उठला की बाहेर जाई आणि जेवायलाच येई. दोनला काका उठत आणि पानसुपारी घेऊन नाक्यावर जात. तीनला पाहुणा कामावर, आजी देवळात. चारला बाबा परत. साडेपाचला आम्ही शाळेतून. सातला देवाजवळ दिवा, मग एका पाटावर पुस्तके ठेवून अभ्यास, त्याच पाटावर नंतर जेवायला बसायचे. नऊला वळकट्या उलगडत. साडेअकराला काका निघत आणि साडेबाराला पाहुणा येऊन काकांच्याच अंथरुणात शिरे.

खाटेखाली ट्रंका, ट्रंकांच्या मागे तांदळाचा डबा, खाटेवर दिवसा शिवणाचे मशीन. एकही वस्तू एकाच कामाची नव्हती. तरी हे सगळे लिहून झाल्यावर जाणवले, की वस्तू फारशा हलत नव्हत्या. खाट जिथल्या तिथे, मांडणी जिथल्या तिथे. माणसे हलत होती. भाचीच्या मिटणाऱ्या पलंगाला मर्फी बेड म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो चालवला, तोही एकखोली घरांसाठीच. त्यात पलंग भिंतीत जातो आणि माणसाला जागा मिळते. आमच्याकडे माणूस घराबाहेर जाई आणि दुसऱ्या माणसाला जागा मिळे.

आमच्या पॅसेजमध्ये एका खोलीत खानावळ होती. तेवढ्याच १६० चौरस फुटांत एक बाई पाळ्यांप्रमाणे तीन पंगती उठवत असे. गिरणगावात अशा हजारो बायका एकट्या गिरणी कामगारांना जेवू घालत, कर्जाच्या ओझ्याखाली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. खोलीच्या इतिहासात हे साल मला मोठे वाटते. घराच्या खोलीत चाललेले हे काम हा धंदा आहे, हे बँकेने तेव्हा मान्य केले.

इथपर्यंत वाचून चाळीच्या खोलीचे कौतुक वाटू लागले असेल तर एक जुनी नोंद पुढे ठेवते. चाळीवरच्या स्मरणरंजनात ती सहसा येत नाही. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांचे निवेदन १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये छापले गेले. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची, १५ फूट बाय १२ फुटांची एक खोली त्यांनी पाहिली. जमिनीवर सहा चुली होत्या, म्हणून सहा कुटुंबे. मोठी-लहान मिळून तीस माणसे. सहा बायकांपैकी तिघी दिवसांत होत्या. बाळंतपणाला आडोसा कुठे करता, असे डॉक्टरांनी तिथल्या सुईणीच्या कामाच्या नर्सला विचारले. तिने एक कोपरा दाखवला. तीन फूट बाय चार फूट. गरज लागली की तिथे पडदा लावत.

तीन गुणिले चार, बारा चौरस फूट. हा आकडा मी वहीत लिहिला त्या दिवशी पुढे काही वाचले नाही. मुंबईतल्या बहुउद्देशीय खोलीतले हे माझ्या माहितीतले सर्वांत लहान दालन. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्याचे कारण माहेरची ओढ असे आपण समजतो. ओढ असेलच. बारा चौरस फूटही असणार.

नवराबायकोच्या एकांताबद्दल आईला विचारायचे धाडस मला झाले नाही. तिनेच एकदा भाजी निवडता निवडता सांगितले, की तिचे नवे लग्न झाले तेव्हा आजी शनिवारी रात्री भजनाला जाई आणि जाताना काकांना हाक मारून बरोबर नेई. भजन लांबे. याहून जास्त ती बोलली नाही, आणि आजीच्या भक्तीविषयीचे माझे मत बदलले.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आला, तेव्हापासून तर हा विषय कामगार-अर्थशास्त्रापुरता उरलेला नाही. मला इथे सांगायचे आहे ते खोलीबद्दल. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला आठवते ते असे, की संपात आमची खोली लहान झाली.

भोंगे थांबले आणि तिन्ही पाळ्या एकदम घरी आल्या. पहिल्याच रात्री लक्षात आले, की आठ अंथरुणे घालायची जागा या खोलीत कधी नव्हतीच. ती आहे असे आम्हाला इतकी वर्षे वाटत होते, कारण एक तरी माणूस नेहमी साच्यावर उभा असे. बाबा पॅसेजमध्ये झोपू लागले. काका आधी गावमंडळाच्या खोलीत गेले. तिथेही तीच गत, म्हणून पुढे फूटपाथवर. पाहुणा मार्चमध्ये गावी गेला तो परतला नाही. रात्रीचे हे असे निभावले, पण दिवसाचे निभेना. कामाला न जाणारे पुरुष दिवसभर जाणार कुठे? ते खोलीत बसत, किंवा दारात. आई कपडे बदलायला शेजारी जाई, पण शेजारीही दोन पुरुष बसलेलेच. आमच्या मजल्यावर त्या वर्षी जितकी भांडणे झाली तितकी पूर्वी कधी झाली नव्हती, आणि त्यांतली निम्मी तरी कोणी कुठे बसायचे यावरून होती. पैसा नव्हता हे मूळ खरेच. तरी १६० चौरस फुटांत आठ माणसे ज्या वेळापत्रकाने राहत होती ते आमचे नव्हते, गिरणीचे होते, हे त्या वर्षी उघडे पडले. खोलीचा नकाशा भोंग्याने काढलेला होता.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. बाबा दोन वर्षांनी एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले, काका गावी गेले, खोली हळूहळू रिकामी होत गेली. आम्हा भावंडांची लग्ने झाली. आता तिथे आई एकटी राहते. खाट अजून त्याच भिंतीला आहे. मध्ये तिला म्हटले, खिडकीशी घेऊ या, वारा येईल. नको म्हणाली.

१९८० सालच्या दिवसाचा तक्ता पुरा झाल्यावर मी तो भाचीला दाखवला होता. तिने तो रंगवून काढला, माणशी एक रंग. सुरेख दिसत होता. काकांचा निळा, बाबांचा हिरवा, आम्हा मुलांचा पिवळा. आईचा रंग सगळीकडे सांडलेला, पहाटे चारपासून रात्री साडेबारापर्यंत, पण मोठा असा ठिपका कुठेच नव्हता. फक्त दुपारी तीन ते चार या रकान्यात तिच्याखेरीज कोणाचाच रंग नव्हता.

"तीन ते चार तू काय करायचीस?" मी विचारले.

"काही नाही. दाराला कडी लावून आडवी व्हायचे."

"झोप लागायची?"

"झोपायला कोण पडायचं? नुसती पडायचे. संपात ते पण गेलं."

वरळीच्या पहिल्या काही शे रहिवाशांना २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमची पाळी यायची आहे. भाचीने नकाशा पुन्हा काढला. लहान खोलीतला मिटणारा पलंग तसाच ठेवला, टेबल काढले, मखराची जागा हॉलमध्ये नेली. त्या खोलीवर आता 'आजी' असे लिहिले आहे. सरकते दार पाहून आई जरा साशंक होती. बोटाने ती रेघ इकडून तिकडे ढकलून पाहावी तशी तिने केली.

"याला आतून कडी लागते ना?"

सरकत्या दाराला नीट कडी बसत नाही, असे भाचीने प्रामाणिकपणे सांगितले. मग दार बदलले. बिजागरीचे, आत उघडणारे. त्यात दोन फूट जागा जाते, आणि पलंग पुरता खाली येत नाही. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.